तरीच्या मोटरचा अडकलेला शाफ्ट

तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. पहिल्या खेपेला दुधाचे कॅन, मग शाळेतल्या बाई, मग एक शेळी आणि तिच्याशी वाद घालणारा तिचा मालक. दोरी ओढली की दुसऱ्या झटक्याला बोलायची माझी सवय, तशी त्या दिवशीही बोलले. संध्याकाळी माझ्या मालकांनी, तरीवाल्यांनी, मला होडीवरून उतरवलं, खांद्यावर घेतलं आणि ते घराकडे निघाले. वाटेत थांबून त्यांनी मला कठड्यावर टेकवलं. थोडं चालून पुन्हा टेकवलं. पूर्वी कधी थांबत नसत. शेडमध्ये आल्यावर मला गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करून थोडा वेळ चालवलं. त्याने पोटातलं खारं पाणी धुऊन निघतं. मग पुसलं, स्टँडला अडकवलं, दिवा मालवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

मित्रांनो, मी खाडीच्या तरीवर, म्हणजे माणसांना पार नेणाऱ्या होडीवर, राबलेली मोटर आहे. वयाने म्हातारी. माझी रचना सोपी आहे. वर डोक्यात इंजिन, खाली पायाशी पंखा आणि दोघांना जोडणारी पोलादी लांब कांब, तिला शाफ्ट म्हणतात. डोकं फिरलं की शाफ्ट फिरतो आणि शाफ्ट फिरला की पंखा. माणसाचं डोकं फिरलं की घर बिघडतं. माझं फिरलं तरच होडी चालते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. लाकडी खोक्यातला भुसा आठवतो, आणि खोकं उघडणारे तरीवाले. तेव्हा त्यांचे केस काळे होते. मी नवी असताना लोक धक्क्यावर मुद्दाम मला बघायला येत. पुढे बघायचे थांबले. पण रोज होडीत बसत राहिले, आणि कौतुकापेक्षा मला तेच बरं वाटायचं.

दर वर्षी हंगाम संपला की तरीवाले माझा खालचा अर्धा भाग सोडवत. पंपातलं झिजलेलं रबरी चक्र बदलत. शाफ्टच्या वरच्या टोकाला बारीक दाते असतात. ते इंजिनाच्या खोबणीत बसतात. ते कोरडे करून त्यांना बोटाने ग्रीस लावत. लेक शेजारी टॉर्च धरून उभी असे. दर वर्षी तेच सांगत, "दात्यांना लावायचं, शाफ्टच्या डोक्याला नाही. डोक्याला लावलं तर शाफ्ट पूर्ण आत बसत नाही." लेक म्हणे, "मागच्या वर्षीही हेच सांगितलंत." ते म्हणत, "पुढच्या वर्षीही सांगेन." लेक नोकरीसाठी शहरात गेली, तेव्हापासून ते टॉर्च दातांत धरत.

ते गेल्यावर वर्षभर मी गोणपाटाखाली होते. काका, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, होडी चालवू लागले, पण दुसऱ्याची मोटर मागून आणून. ती परत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. रबरी चक्र बदलायला म्हणून त्यांनी माझे बोल्ट काढले. खालचा भाग हलेना. पहारीने उचकटलं, शिव्या दिल्या, माझ्या कडेचा एक कपचा उडवला. शेवटी जाहीर केलं, "शाफ्ट गंजून आत धरलाय. परवा भंगारवाला येतोय. कापून टाकू. वरचं इंजिन कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

कापलं म्हणजे संपलंच. मी थकले होते. खरं सांगते, मला फार वाईटही वाटलं नाही. वाईट लेकीला वाटलं. आईने कळवलं आणि ती मिळेल त्या गाडीने आली. बाबांच्या मागे घरात आवाज करणारं त्यांचं असं एवढंच उरलं होतं.

"शहरातून उंटावर बसून शेळ्या हाकणं सोपं असतं," काका म्हणाले. "तूच काढून दाखव."

तिने मला आधी चारही बाजूंनी पाहिलं. मग विचारलं, "काका, या मागच्या छोट्या पात्याखालचा बोल्ट?"

"तिथे बोल्ट असतो?"

आई दारातच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "भावजी, म्हणजे कालपासून तुम्ही कुलूप न काढता दार ढकलत होता."

काका बराच वेळ चहाच पीत राहिले.

तो बोल्ट निघाला तेव्हा नखभर फट पडली, पण पुढे घोडं पेंड खाऊ लागलं. शाफ्ट खरोखरच अडकला होता. लेकीने पेट्रोल काढून घेतलं आणि काकांच्या मदतीने मला स्टँडवर उलटं टांगलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जग उलटं पाहिलं. फारसा फरक वाटला नाही. त्या फटीतून तिने पातळ तेल सोडलं, म्हणजे ते शाफ्टवरून ओघळत दात्यांपर्यंत जाईल. मग काहीच केलं नाही. काका हातोडा घेऊन आले की म्हणायची, "मुरू द्या." तिचे बाबाही असंच म्हणत.

दुसऱ्या दिवशी मला सरळ केलं. गरम पाण्यात पिळलेली फडकी खोबणीभोवती गुंडाळली. काकांनी खालचा भाग धरून ओढ ठेवली आणि ती लाकडी हातोडीने हलके ठोके देत राहिली. फडकी निवली की बदलायची, पुन्हा तेल, पुन्हा ठोके. दुपार कलली. काका म्हणाले, "पोरी, आता पुरे." त्याच वेळी माझ्या आत काहीतरी करकरलं आणि शाफ्ट सुटला. काका खालच्या भागासकट मागे बसले.

"निघाला," ते जमिनीवरूनच म्हणाले. "भंगारवाल्याला नको म्हणून सांगून येतो." कपडे झटकत ते लगेच निघाले.

लेकीने शाफ्टचं टोक उजेडात धरलं. दाते कोरडे होते, लाल गंजाने भरलेले. आणि ग्रीस होतं. शाफ्टच्या डोक्यावर वाळून कडक झालेला त्याचा गोळा होता. शेवटच्या वर्षी तरीवाल्यांनी ग्रीस लावलं होतं, विसरले नव्हते. मला ती दुपार आठवते. खालचा भाग मांडीवर घेऊन ते बराच वेळ बसून होते. दातांतला टॉर्च खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. अंदाजाने बोट फिरवलं आणि मला जोडून टाकलं.

मित्रांनो, यंत्र बिघडलं की करकरतं, धूर सोडतं, काहीतरी करून तुम्हाला बोलावतं. काही माणसं तेवढंही करत नाहीत. त्यांच्याजवळ अधूनमधून उजेड घेऊन जा, एवढंच माझं मागणं आहे.

लेकीने ग्रीसचा तो गोळा लगेच पुसला नाही. त्या घरात तरीवाल्यांना कुणी तब्येतीचं विचारत नसे. विचारलं की ते चिडत. शेडमध्ये आता ती आणि मी, दोघीच होतो. शाफ्टवर हात ठेवून ती म्हणाली,

"बाबा, दमलात तुम्ही. राहू द्या आता, मी करते."