समारोपाचा फोटो

भिंगारच्या यज्ञेश्वररावांनी निवृत्तीनंतर दुसरं महायुद्ध हातात घेतलं. ज्यूंचा संहार झालाच नाही, असं पुस्तक त्यांनी स्वखर्चानं छापलं. पुरावा एकच: हिटलरच्या पोलिसप्रमुखानं फोनवरच्या बोलण्याची केलेली टिपणी, 'मारू नका.'

नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या नीलांबरीबाईंनी भिंगारातच व्याख्यान ठेवलं आणि ती टिपणी अख्खी पडद्यावर लावली.

"हे बर्लिनहून ज्यूंना घेऊन निघालेल्या एका आगगाडीबद्दल आहे. यज्ञेश्वररावांनी गाडी कापली, हुकूम ठेवला. एका गाडीला मारू नका सांगावं लागतं, तेव्हा बाकीच्यांचं काय चाललं असेल? आणि फोन होईतो त्या गाडीतल्या माणसांनाही गोळ्या घालून झाल्या होत्या."

पहिल्या रांगेतून खुर्ची आली. रावांचे शिष्य शिस्तीचे. आधी पडदा फाडला, मग प्रोजेक्टर चालवणाऱ्या काशिफ सरांकडे वळले. त्यांच्यातल्या कल्याणनं मंचावरची पेटती समई उचलून सरांच्या तोंडावर हाणली. जबडा मोडला, तापलेलं तेल मानेवर सांडलं. सर पडल्यावर बाकीच्यांनी लाथांनी आपापला अभ्यास मांडला. बाईंचा हात बुटाखाली गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: गावचे ज्येष्ठ म्हणून रावांच्या हस्ते बाईंना शाल-श्रीफळ. खाली मजकूर, 'खेळीमेळीत समारोप'. काशिफ सर म्हणे जिन्यावरून पडले.

पोलिस तक्रार घेईनात. फोटोत सगळे हसत होते.

प्लॅस्टरातला हात सावरत बाई वाल्मिक फोटोग्राफरकडे गेल्या. "छापलाय तो कापलेला आहे. अख्खा दाखव."

"डाव्या अंगाला नुसती समई हाय, मॅडम."

"तीच हवीय."

ठाण्यात साहेबांनी फोटो मोबाईलवर मोठा केला. समोर यज्ञेश्वरराव आणि कल्याण, शेजारी जबडा तारेनं बांधलेले काशिफ सर.

"वाती बघा," बाई म्हणाल्या. "पांढऱ्याशुभ्र. समई अजून लावलेलीच नाही. सत्कार दीपप्रज्वलनाच्या आधी झाला. हा फोटो सुरुवातीचा आहे."

यज्ञेश्वरराव शांतपणे म्हणाले, "शेवटी कुणीतरी वाती बदलल्या असतील. शक्यता नाकारता येत नाही."

शेवटी समईला दुसऱ्या कुणाचा हात लागला, हे कल्याणला गुरूच्या तोंडूनही सहन झालं नाही.

"कोन बदलनार, राव? शेवटी समई तर माझ्या हातात हुती!"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. काशिफ सरांना हसू आलं, आणि तारेतून रक्त ओघळून टेबलावर पडलं.