भिंतीची कोरडी बाजू

शिडीवर उभं राहून निवृत्ती मिस्तरीनं भेगेवरच्या काचपट्टीला नखानं टिचकी मारली. महिन्यापूर्वी त्यानंच ती भेगेवर आडवी चिकटवली होती. भेग वाढत असली की काच तडकते. काच शाबूत होती.

“मेली हाय भेग,” तो म्हणाला. “आता भरता येती.”

खाली फादर सायमन हातात कागद घेऊन उभे होते. बोरमाळच्या चर्चवर येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं, आणि लातूर जिल्हा होऊनही तेवढंच. नव्या कचेरीनं चर्चची माहिती मागवली होती. इमारत कधीची, कुणी बांधली, आज कशी आहे, एवढंच हवं होतं. पण फादरांना लिहायची हौस भारी. त्यांनी चार पानी इतिहासच लिहून काढला, आणि त्यातला थोडा मजकूर दगडावर कोरून दाराशी बसवायचंही ठरवलं.

“ऐका मिस्तरी, तुमच्या हातचंच काम आहे. ‘सन बहात्तरच्या दुष्काळात गावाला काम मिळावं म्हणून फादर ग्रेगरी यांनी हे चर्च बांधायला घेतलं. मजुरीत मिलो ज्वारी आणि तेल वाटलं. सिमेंटात काटकसर झाल्यानं पश्चिमेच्या भिंतीला तडा गेला आणि त्यांची बदली किनवटकडे झाली.’ बरोबर ना?”

निवृत्तीनं शिडी दोन्ही हातांनी धरली.

त्या साली विहिरी कोरड्या ठाक पडल्या होत्या. बांधकामासाठी उदगीरहून टँकर यायचा, हौद भरायचा आणि हौदाची किल्ली निवृत्तीच्या करगोट्याला असायची. नव्या भिंतीला दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, नाहीतर सिमेंट धरत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण दगड वाहणाऱ्या बायका दुपारी रिकाम्या घागरी घेऊन हौदापाशी बसायच्या. मागायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या. तिसऱ्या दिवशी त्यानं कुलूप काढलं. मग भिंतीला पाणी पुरेना. त्यानं गवंड्याची अक्कल चालवली. फादरांच्या खिडकीतून दिसायची तेवढी बाजू ओली ठेवली आणि मागची तशीच उन्हात तापू दिली.

दुसऱ्या उन्हाळ्यात भिंत तडकली. बिशपसाहेबांनी पाठवलेला इंजिनिअर आला, त्यानं सांध्यातला माल बोटानं खरवडला, तो पिठासारखा गळला. सिमेंट किती टाकलं, त्यानं विचारलं. फादर ग्रेगरी शेजारीच उभे होते.

“फादरनी जेवढं दिलं तेवढं टाकलं, साहेब,” निवृत्ती म्हणाला होता.

शब्द न् शब्द खरा. पण त्यातून निघायचा तो अर्थ निघाला, की फादरांनीच सिमेंट कमी दिलं. फादर ग्रेगरी त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, “मिस्तरी खरं सांगतोय.” महिन्याभरात त्यांची पेटी बैलगाडीत चढली. किनवटच्या जंगलात मुलांचं वसतिगृह सांभाळता सांभाळता दोन वर्षांपूर्वी ते हिवतापानं गेले. निवृत्तीचं मात्र बरं चाललं. चर्च बांधणारा मिस्तरी म्हणून त्याला उदगीरपर्यंत कामं मिळाली. दहा वर्षं तो मूग गिळून बसला. फादरांसमोर गुडघे टेकून लोक पाप सांगतात आणि हलके होऊन बाहेर येतात, हे त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं. त्यासाठीचा कोनाडा त्यानंच बांधला होता. पण तो त्या धर्माचा नव्हता.

निवृत्ती शिडीवरून उतरला.

“फादर, ती सिमेंटाची ओळ काढा. सिमेंट पुरं होतं.”

“मग तडा कशानं गेला?”

“म्या पाणी न्हाई मारलं. बायांला देऊन टाकलं. तुमच्या त्या खिडकीतून दिसती तेवढीच बाजू भिजवली. फादरला फसवलं म्या. आन् त्यायच्यावर आलं, तवा गप बसलो.”

आत बाकं पुसणारी भामाबाई फडकं हातात घेऊन दारात आली होती. चर्च बांधताना तिनंही दगड वाहिले होते.

“फसवलं म्हणं!” ती म्हणाली. “निवृत्तीभाऊ, ग्रेगरी फादरला समदं ठाव होतं.”

“काय ठाव होतं?”

“म्या येकदा भरली घागर घेऊन सामनेच आले त्यायच्या. मला वाटलं, आता गेलं काम. तर म्हनले, ‘बाई, उद्यापासून मागच्या वाटेनं जा. आणि मी पाहिलं हे मिस्तरीला सांगू नको. तो लाजेल आणि पाणी बंद करील.’”

निवृत्ती तिच्याकडे वळला.

“मग बदलीच्या टायमाला काऊन बोलली न्हाईस?”

“शपथ घातली व्हती त्यायनं. आन् तुमी तरी कुटं बोललात?”

निवृत्ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. म्हणजे इंजिनिअरपुढं तो बोलला, तेव्हा फादर ग्रेगरींना सगळं माहीत होतं. माहीत असून ते त्याच्या बाजूनं बोलले होते. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण एका भोळ्या माणसाला फसवलं.

फादर सायमननी खिशातलं पेन काढून ती ओळ खोडली.

“झालं मिस्तरी. तुम्ही बायकांना पाणीच तर पाजलंत. पुण्याचं काम केलंत. आता मन हलकं झालं ना?”

“हलकं?” निवृत्तीनं करगोट्याशी हात नेला. तिथं आता किल्ली नव्हती. “फादर, नुसती खोडू नका. तितं दुसरी लिहा.”

“काय लिहू?”

“ग्रेगरी फादर बोलले व्हते, मिस्तरी खरं सांगतोय म्हणून. लिहा, मिस्तरीनं खरं सांगितलं नव्हतं. आन् दगडावर बी तेच कोरा. दगड म्या बसवतो.”