वहिनीच्या हातचं पाणी

वहिनीने भरून ठेवलेला ग्लास ताईने उचलला, नाकाशी नेला आणि सगळा बेसिनमध्ये ओतून दिला. हॉस्पिटलच्या कॉटवर आई गुंगीत पडली होती. काल तिने पोटच्या लेकीला "नर्सबाई" म्हणून हाक मारली, तेव्हापासून ताईच्या जिवाला घोर लागला होता.

वहिनी दाराशीच होती. तिने पाहिलं, पण बोलली काही नाही. अशी गप्प माणसंच भारी पडतात, ताईला वाटलं. महिन्यापूर्वी वहिनीच्या पर्समध्ये झोपेच्या गोळ्या दिसल्या होत्या. दादाच्या आहेत म्हणाली, पण ताईच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

डॉक्टरीणबाई आल्या तशी ताईने त्यांना बाहेर गाठलं.

"रक्तात झोपेची गोळी सापडते का, बघितलंत?"

"बघितलं. नाही सापडली."

"मग लिव्हर?"

"ठणठणीत आहे. लघवीचं इन्फेक्शन झालंय. जुन्या डायबेटिसमध्ये मूत्राशय सुस्तावतं, लघवी तुंबते. काही जंतू त्या तुंबलेल्या लघवीतून अमोनिया तयार करतात. तो रक्तात चढला की माणूस असं भ्रमिष्टासारखं करतं. नळी टाकलीय, अँटिबायोटिक चालू आहे. उतरेल."

ताईचा संशय मात्र उतरेना.

"पण एवढं होईपर्यंत घरात कुणाला कळू नये?"

"पाणी कमी पीत होत्या का?"

उत्तर दारातून वहिनीने दिलं.

"महिनाभर माझ्या हातून धड घोटभरही घेतलं नाही त्यांनी. स्वतःहून तर उठवत नाही. किती विनवण्या केल्या, पण ग्लास दिसला की तोंड फिरवायच्या. कारण काही सांगेनात."

ताई आईचं पांघरूण सारखं करायला म्हणून आत गेली.

दोन दिवसांनी आईने सगळ्यांना ओळखलं. दादाला दाढी कर म्हणून टोकलंसुद्धा. ताईला रडू आवरेना. वहिनीने लगबगीने पाणी भरलं, आईच्या मानेखाली हात घातला आणि ग्लास ओठांशी नेला.

आईने ओठ मिटून घेतले. वहिनीच्या खांद्यावरून तिने लेकीला शोधलं.

"तू नको म्हणाली होतीस ना गं फोनवर," ती क्षीण आवाजात म्हणाली. "आता घेऊ का?"

वहिनीने सावकाश मान वळवून ताईकडे पाहिलं. ग्लास तिने खाली ठेवला नाही.