पाठीवरचा हात

पाठ कशी सांभाळावी हे लोकांना शिकवणाऱ्या एका फिल्मसाठी कॅमेरावाल्या प्रेबेनची पाठ भाड्याने घेतली होती, असं म्हटलं तरी चालेल. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात, एका रिकाम्या झालेल्या रुग्णालयात चित्रीकरण चाललं होतं. परिचारिका कामावर येते, रुग्णाला पलंगावर सरकवून बसवते, चादरींची पेटी उचलते, जिना उतरते आणि एवढं करून तिची पाठ एकदाही चुकीची वाकत नाही, इतकीच गोष्ट. पण येप्पे या दिग्दर्शकाला ती एका दमात, कुठेही न कापता हवी होती. येप्पे तिशीतला होता, आणि त्या वयात दिग्दर्शकाला कात्री लावणं पाप वाटतं.

एका दमात म्हणजे अर्थातच प्रेबेनच्या दमात. अंगात कडक जाकीट, जाकिटाला स्प्रिंगांचा हात, त्या हाताला दांडा, दांड्याच्या टोकाला कॅमेरा आणि बुडाला बॅटऱ्या व छोटा मॉनिटर. या सगळ्या लटांबराला स्टेडीकॅम म्हणतात. तो घालून माणूस पळाला, अडखळला, पायऱ्या उतरला, तरी पडद्यावरचं चित्र पाण्यावरून होडी जावी तसं सरकतं. मग वाटेतले धक्के जातात कुठे, हे बघणारा कधी विचारत नाही. ते कमरेत जातात.

प्रेबेनच्या कमरेत ते तीस वर्षं जमा होत होते. मार्चमध्ये डॉक्टरने फोटो दाखवून सांगितलं होतं, "मणक्यातली गादी सरकलीय. आता किराण्याची पिशवीसुद्धा जपून उचलायची." प्रेबेनने हा सल्ला तंतोतंत पाळला. त्या दिवसापासून त्याने किराण्याच्या पिशव्या उचलणं बंद केलं.

सेटवर मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची. डावा पाय ओढत चालायला लागला तेव्हा त्याने नव्या बुटांना बोल लावला. या धंद्यात एकाची पाठ गेली की बातमी संध्याकाळपर्यंत देशभर होते आणि त्याचा फोन वाजायचा थांबतो. पण खरं सांगायचं तर फोनची भीती दुय्यम होती. जाकिटाबाहेरचा प्रेबेन हा कप सांडणारा, मुलीच्या लग्नात नाचताना तिच्याच झग्यावर पाय देणारा धांदरट माणूस होता. जाकीट चढवलं की तो तरंगायचा. चोपन्नाव्या वर्षी हे सोडून पुन्हा नुसता धांदरट व्हायची त्याची तयारी नव्हती.

नटांच्या पुढे पुढे उलटं चालायचं म्हणजे पाठीला डोळे हवेत. प्रेबेनचे ते डोळे म्हणजे बोदिल. बारा वर्षं ती त्याच्या मागे, जाकिटाखाली त्याच्या पट्ट्याशी हात ठेवून चालत होती. हात डावीकडे दाबला की डावीकडे वळायचं, दोनदा थोपटलं की पायरी. संसारातसुद्धा त्याने इतकं मुकाट कुणाचं ऐकलं नव्हतं. दुखण्याबद्दल तिला त्याने अवाक्षर सांगितलं नव्हतं, आणि एवढ्या जाड जाकिटातून तिला काय कळणार, अशी त्याची समजूत होती.

फिल्म काढणाऱ्या संस्थेने मेरेटे नावाची सल्लागार पाठवली होती. हातात वजनकाटा घेऊन बाई सकाळपासून फिरत होत्या. चादरींची पेटी जड ठरली, म्हणून निम्म्या चादरी काढल्या. दिव्यांच्या वाळूच्या पिशव्या दोघांनी उचलायच्या असं ठरलं. कॉफीच्या मोठ्या थर्मासलासुद्धा काटा लागला.

"आणि हे?" तिने स्टेडीकॅमकडे बोट दाखवलं.

"हे? बारा किलो," प्रेबेन म्हणाला. "दिसतं तेवढं नाही ते."

"छान," मेरेटे म्हणाली आणि थर्मासकडे वळली. दांड्याला काटा लावावा असं तिच्या मनात आलं नाही, आणि यायला नको अशी तिथे सगळ्यांचीच इच्छा होती.

पहिले दोन टेक येप्पेला आवडले नाहीत. तिसरा सगळ्यांना आवडला, पण मेरेटे पुढे आली.

"पेटी उचलताना तिचे गुडघे पुरेसे वाकले नाहीत. लोक बघून तसंच करतील. पुन्हा घ्यावं लागेल."

पुन्हा घेतलं. चौथ्यात परिचारिकेने कमरेतून पीळ दिला. पाचव्यात पेटी पोटापासून वीतभर लांब राहिली. परिचारिकेची पाठ बिचारी निर्दोष व्हावी म्हणून प्रेबेन दर वेळी ते लटांबर घेऊन अख्खा कॉरिडॉर उलटा चालत होता आणि वर जिनाही उलटाच उतरत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते असं.

जेवायच्या सुट्टीत सगळे राय ब्रेड आणि हेरिंग मासे खायला बसले, प्रेबेन मात्र भिंतीला टेकून उभा राहिला. बसलो तर उठता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"बस की," बोदिल म्हणाली.

"पाय मोकळे करतोय. बूट चावतात."

"मग बूट काढून उभा राहा." तिने त्याच्या हातात ब्रेडचा तुकडा दिला.

सहाव्या टेकला जिन्यावर उसण भरली. बोदिलने दोनदा थोपटलं, त्याने पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि कमरेपासून टाचेपर्यंत आग गेली. डोळ्यांपुढे काळोख आला. आता आपण कॅमेऱ्यासकट गडगडणार, हे तो धरूनच चालला होता. पण कसं कोण जाणे, वजन हलकं झालं. एक पायरी, दुसरी, तिसरी. मॉनिटरमध्ये परिचारिका शांतपणे उतरत होती, चौकट केसभरही हलली नव्हती. अजून आहे आपल्यात दम, प्रेबेन मनाशी म्हणाला, आणि दुखण्यातही त्याला हसू आलं.

टेक संपला, टाळ्या पडल्या. मेरेटेचे डोळे पाणावले. "किती सहज वाटतं," ती म्हणाली. बोदिलने त्याच्या जाकिटाची बक्कलं सोडवली. तो कठड्याला धरून उभा राहिला. सगळे मोठ्या पडद्यावर टेक बघायला लागले.

"थांब, थांब. हे कोण?" मेरेटेने विचारलं.

जिन्याच्या माथ्यावर काचेचं दार होतं. परिचारिका त्यातून बाहेर आली, दार तिच्या मागे मिटलं आणि अंधाऱ्या काचेत कॅमेरावाला दिसला.

"कसा वाकलाय बघा तो. आपल्या फिल्ममध्ये अशी पाठ? हे चालणारच नाही." ती प्रेबेनकडे वळली. "तुला सरळ उभं राहून करता येईल का? एकदाच."

"एकदा ना? करू," प्रेबेन म्हणाला आणि जाकिटाकडे हात नेला.

"मी हात लावणार नाही," बोदिल म्हणाली.

"कशाला?"

ती सरळ मेरेटेला म्हणाली, "ते बत्तीस किलो आहे. आणि त्याची कंबर कामातून गेलीय. मार्चपासून माझ्या हाताला कळतंय."

प्रेबेनला तिचा असा संताप आला की क्षणभर तो कंबरसुद्धा विसरला. बारा वर्षं जिच्या भरवशावर डोळे मिटून मागे चाललो, तिने भर सभेत ढकलून दिलं. आता बोंब होणार, संपलं सगळं. तो मेरेटेकडे बघत राहिला.

मेरेटेने आधी काट्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "हे मी ऐकलेलं नाही," ती सावकाश म्हणाली. "ऐकलं असतं तर ही फिल्म आम्हाला दाखवता आली नसती."

"मग राहू दे टेक," येप्पे म्हणाला. "काचेतला माणूस संगणकावर पुसून टाकू. अर्ध्या दिवसाचं काम."

"मग हे आधीच का नाही सांगितलंस?" मेरेटे त्याला म्हणाली.

"आधी कुणी विचारलं नाही."

झालं, विषय मिटला. ज्या गुपितासाठी प्रेबेनने वसंत आणि उन्हाळा दात आवळून काढला, ते दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. लोक केबली गुंडाळू लागले. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटला तो अपमान.

"पुसायच्या आधी मला एकदा दाखव," तो येप्पेला म्हणाला. तीस वर्षांत त्याने स्वतःला काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

येप्पेने चित्र थांबवलं. काचेत एक म्हातारा होत चाललेला माणूस होता, तोंड वेडंवाकडं, कंबर मोडलेली. तरंगत वगैरे काही नव्हता. त्याच्या खालच्या पायरीवर बोदिल होती. तिचा हात पट्ट्याशी नव्हताच. तिने जाकिटाखाली खांदा घातला होता, मान वाकडी, गाल त्याच्या पाठीला चिकटलेला, आणि तो, कॅमेरा, बॅटऱ्या, सगळा डोलारा तिने एका अंगावर पेलून धरला होता. मेरेटेच्या हिशेबाने त्या जिन्यावरची सगळ्यात चुकीची पाठ तिची होती.

प्रेबेन पडद्याकडून वळला. बोदिल एका खुर्चीवर कडेला बसून जाकिटाचे पट्टे आवळत होती, डावा हात जपून.

"बोदिल," तो म्हणाला, "तुझी पाठ कशी आहे?"

तिने वर पाहिलं नाही. "बारा वर्षांनी विचारतोयस," ती म्हणाली, "तर आधी शेजारी बस. लांबलचक आहे ते."