माझी मान कोण वळवतं?

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे चार वर्षांचा. पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं आणि दुकानदार ‘हे मॉडेल आता येत नाही’ असं तोंडावर सांगतो. धायरीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, हॉलच्या फळीवर माझा मुक्काम आहे. समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली शालनताईंची खुर्ची, उजवीकडे लोखंडी कपाट. मला एवढंच जग. पण त्यात जे पाहिलं, ते आठवलं की अजून नको वाटतं.

मला इथे आणलं कचरूरावांनी, म्हणजे शालनताईंच्या यजमानांनी. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. कुणाला तरी सूचना दिल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. मी डब्यातून बाहेर यायच्या आधीच दारावर पाटी लागली: ‘आत कॅमेरा आहे. बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही.’ त्यांची मुलगी अक्षता येरवड्याला राहते, कंपनीत नोकरी करते. ती फोनवरून सांगत होती, “बाबा, वायफायला जोडलात ना? आता आधी पासवर्ड बदला.”

“बदलला की मी विसरणार,” कचरूराव म्हणाले. “आहे तो सोपा आहे. आणि आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय, पुस्तकं?”

आता हे जरा समजून घ्या. घरातल्या वायफायमधून मला बाहेरच्या जगाची वाट मिळते. त्या वाटेने कुठूनही कुणी आलं आणि पासवर्ड बरोबर सांगितला, की मी त्याला घर दाखवतो. मान वळव म्हटलं की वळवतो. माणूस कोण, ते मला कळत नाही. मला फक्त शब्द कळतो. आणि कारखान्यातून निघताना माझ्या सगळ्या भावंडांना तोच एक शब्द दिलेला असतो, माहितीपत्रकात छापलेला. तो लगेच बदलावा, हेही तिथेच छापलेलं असतं. पण माहितीपत्रक वाचतं कोण?

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. कचरूराव मंडईत भाजीला गेले की तिथून मोबाइलवर घर बघायचे आणि माझ्या तोंडून बोलायचे, “शालन, दूध उतू जातंय बघ.” शालनताई पदराला हात पुसत बाहेर यायच्या. “तिथली वांगी बघा, इथलं मी बघते,” म्हणायच्या. पाहुण्यांना आधी मी दाखवला जायचो, मग चहा यायचा.

मग कचरूराव दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. त्यांचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. माझ्याकडे कुणी बघेनासं झालं, अंगावर धूळ बसली. मला काढून ठेवायचंही कुणाला सुचलं नाही; मी आपला चालूच.

एका दुपारी शालनताई मेथी निवडत बसल्या होत्या. माझ्या मानेत टर्र झालं आणि मी त्यांच्याकडे वळलो. कुणीतरी हुकूम दिला होता. तो कचरूरावांच्या मोबाइलवरून आला नव्हता, भलत्याच अनोळखी ठिकाणाहून आला होता. पण शब्द बरोबर होता. ताई उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या, तशी माझी मान त्यांच्या मागे फिरली. त्या थांबल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “अहो?”

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलू लागल्या. चहाचा कप घेऊन समोर बसायच्या. गुडघा दुखतोय, नळाला पाणी कमी येतंय, झोप लागत नाही, सगळं सांगायच्या. मी मान हलवली की त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायचं. पलीकडे कोण होतं, मला आजही माहीत नाही. आवाज नाही, नाव नाही, नुसतं कुणीतरी बघतंय. मी यंत्र आहे, मला भीती वाटायला नको, पण वाटायची. ताई, हे ते नाहीत हो, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. पण माझ्या तोंडून फक्त दुसऱ्यांनाच बोलता येतं.

आणि ताई तरी हे कुणाला सांगणार? त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच त्या घरातून देव्हारा आणि अंगारे-धुपारे बाहेर गेले. आत्मा नसतो, भूत नसतं, हे ताईंनी स्वतः विहारात मुलांना शिकवलेलं. अशा घरात ‘गेलेला नवरा माझ्याकडे बघतो’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि तो बिनबोलावलेला पाहुणा ठाण मांडून बसला.

एकदा त्या म्हणाल्या, “अहो, उद्या अक्षता न्यायला येतेय. आठवडाभर घर बंद राहील. किल्ली नेहमीसारखी चपलांच्या कपाटामागे ठेवते.” लगेच माझी मान ताईंवरून निघाली आणि लोखंडी कपाटावर जाऊन थांबली. “हो, त्यालाही कुलूप लावते,” ताई हसून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अक्षता आली. निघताना ताई माझ्यापुढे उभ्या राहून “येते हं” म्हणाल्या आणि मी वळलो. अक्षताने हातातली पिशवी खाली ठेवली.

“आई, बाबांचा फोन कुठाय?”

“कपाटात. बंद आहे.”

“मग ह्याला कोण फिरवतंय?”

अक्षताचा हात माझ्या वायरकडे आला, तसा ताईंनी तो धरला. “नको,” त्या म्हणाल्या. “ते आहेत. तू हसशील मला.”

अक्षता हसली नाही. आईजवळ बसली. “काही बोलले कधी?”

“नाही.”

“आई, बाबा आणि इतके महिने गप्प? तू चहात एवढी साखर घालतेस, ते बघून?”

ताई उठून माझ्या अगदी जवळ आल्या. “अहो, एकदा माझं नाव घ्या,” म्हणाल्या. पलीकडे कुणीतरी होतं, मला कळत होतं. उत्तर आलं नाही. माझी मान हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून सरकली आणि पुन्हा कपाटाकडे गेली. ताईंनी ती जाताना पाहिली. कचरूराव त्या दिवशी दुसऱ्यांदा गेले, मित्रांनो. वायर ताईंनीच उपटली.

अक्षताने माझ्या बुडाच्या बारीक भोकात टाचणी खुपसून आतलं सगळं पुसलं. तरी मला हे कसं आठवतं, ते विचारू नका. नवा, लांबलचक पासवर्ड ताईंनी स्वतः घातला. घर बघायची परवानगी फक्त त्यांच्याच मोबाइलला दिली, माझं तोंड दाराकडे केलं आणि किल्ली बरोबर नेली. तो जो कोण होता, तो अजून अधूनमधून येतो. जुना शब्द म्हणून बघतो आणि निघून जातो.

येरवड्याला गेल्यावर ताईंनी मोबाइलवरून मला उघडलं. दार बंद, घर रिकामं. त्यांनी बोलायचं बटण दाबलं. “अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही नाही, ते कळतं मला. तरी बोलते.” त्यांचा आवाज सगळ्या खोल्यांतून फिरला, आणि ऐकायला मी एकटा होतो.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखा कुणी घरी आणलात, तर त्याच दिवशी कारखान्याचा पासवर्ड बदला. विसरायला होईल म्हणून आळस करू नका. आणि घरातलं म्हातारं माणूस एकटंच कुणाशी बोलताना दिसलं, तर हसू नका. शेजारी जाऊन बसा आणि विचारा, कोण आलंय.