गाढवाच्या अस्तराआडचं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे, आणि तोही गाढवाचा! हसलात ना? हसा, हसा. त्यासाठीच तर माझा जन्म.

यॉर्कशरमधल्या आमच्या गावात हौशी नाटक मंडळी होती. शाळेतल्या एडनाबाईंनी जुनी वर्तमानपत्रं मैद्याच्या खळीत बुडवून मला घडवलं. आत आपल्या आत्याच्या जुन्या परकराचं मऊ अस्तर लावलं. काय रुबाब होता माझा!

दर जूनमध्ये गिरणीमागच्या बागेत एकच नाटक व्हायचं. त्यातली परीराणी रानात झोपते. तिच्या डोळ्यांवर जादूच्या फुलाचा रस पडतो, आणि उठल्यावर जो पहिला दिसेल त्याच्यावर तिचा जीव जडतो. समोर असायचो मी! राणी व्हायच्या एडनाबाई, आणि मला डोक्यावर चढवायचा क्लिफर्ड पोस्टमन. त्या माझे कान कुरवाळायच्या आणि सारी बाग खदखदून हसायची. आत क्लिफर्डचा चेहरा मात्र घामानं आणि लाजेनं भिजलेला असायचा.

कारण त्याचं एडनाबाईंवर खरोखर प्रेम होतं, हो!

खोलीत एकटा असला की तो मला घालून तालीम करायचा. "एडना, नाटकातलं स्वप्न संपतं, पण माझं काही संपत नाही. म्हणून विचारतो..." आणि गप्प. आमच्या मंडळीत एक रीत होती. नाटकाचं शेवटचं वाक्य पहिल्या प्रयोगाआधी तोंडातून काढायचं नाही, नाहीतर नाटक बुडतं. या वेड्यानं ती रीत इथंही पाळली! विसरू नये म्हणून ते वाक्य माझ्या अस्तराआड पेन्सिलीनं लिहून ठेवलं. मग एडनाबाई समोर आल्या की सवय नसलेली जीभ अडखळायची.

"एडना, म्हणून विचारतो... तुझा आल्याचा केक उरलाय का?"

"खादाड कुठला!" असं म्हणून त्या डबा पुढं करायच्या.

असे अकरा जून गेले. मग मंडळी मोडली आणि मी माळ्यावर गेलो. किती वर्षं कुणी वर फिरकलंसुद्धा नाही. उंदरांनी डावा कान खाल्ला, तेव्हा फार रडू आलं. पण कानापेक्षा त्या वाक्याची काळजी जास्त होती. उंदरांनी तेही खाल्लं तर?

यंदा शाळेच्या मुलांनी नाटक करायचं ठरवलं आणि मला खाली आणलं. एडनाबाई, आता पांढऱ्या केसांच्या, मला शिवायला बसल्या. क्लिफर्ड सुईत दोरा ओवून देत होता. बाईंनी फाटकं अस्तर उचललं आणि त्यांचा हात थांबला.

"क्लिफर्ड, हे अक्षर तुझंच ना?"

तो लालबुंद झाला. "तालमीत म्हणायचं नसतं ना, एडना..."

"अरे गाढवा! तीस वर्षं कुणी तालीम करतं का?" बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी मला उचलून त्याच्या डोक्यावर चढवलं. "हं. आज पहिला प्रयोग. म्हण."

माझ्या आतून त्याचा आवाज आला. "एडना, माझ्याशी लग्न करशील?"

मित्रांनो, माळ्यावरच्या जुन्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवत जा. आणि मनातलं वाक्य असं आमच्या पोटात दडवून ठेवू नका, आम्हाला बोलता येत नाही.

एडनाबाईंनी माझ्या फाटक्या नाकाचा मुका घेतला आणि म्हणाल्या, "हो." नाटकात त्यांनी मला कितीदा तरी कुरवाळलं होतं. पण फुलाच्या रसाशिवाय हे पहिल्यांदाच.