लक-पेनी

पेटी विकताना अपूर्वाला मी सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून.

आयर्लंडमधल्या नावन गावात सहा वर्षं रामनवमीचं कीर्तन मीच केलं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची नुसती खरखर उरली. यंदा अपूर्वा उभी राहणार होती. इथल्या एका कारखान्यातली इंजिनीअर, वय जेमतेम पस्तीस, आणि गळा असा की ऐकताना डोळे भरावेत. माझेही भरले, त्यात भक्ती किती नि जळफळाट किती, रामालाच ठाऊक!

ती नवऱ्याला, राजसला घेऊन पेटी न्यायला आली; पेटीवर साथ तोच करणार होता. शेजारचा मॅटी, गुरं पाळणारा म्हातारा, मदतीला धावला.

"सुलक्षणा, लक-पेनी दिलीस का?"

"ती काय असते?"

"कालवड विकली की विकणारा थोडे पैसे घेणाऱ्याच्या हातात परत ठेवतो. जनावराबरोबर नशीबही जावं म्हणून. नाहीतर ते नव्या गोठ्यात अंग धरत नाही." मॅटीनं पेटी डिकीत ठेवली. "पैसेच हवेत असं नाही. माझ्या बापानं शेत विकलं, तेव्हा कुठली विहीर आटत नाही ते नव्या मालकाला नेऊन दाखवलं. म्हणाला, ही माझी लक-पेनी."

मी हसून वीस युरोची नोट अपूर्वाच्या हातात कोंबली. "घे, झालं! पेटी ठेवणार कुठे?"

"गराजमध्ये, काकू. घरात जागाच नाही."

"ग्रँड," इथल्या बोलीत 'छान', मी म्हटलं.

इथल्या ओलीत पेटीच्या पट्ट्या फुगतात. सहा वर्षं मी ती हॉट प्रेसमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांशेजारी ठेवत होते. ते नाही सांगितलं. पुढे तीन आठवडे पाऊस पडला. जप करताना मला दिसायचं: रामजन्म होतोय, पट्टी अडकलीय, पेटी भोंग्यासारखी ओरडतेय आणि अपूर्वा गप्प. माळ भराभर सरकायची.

आदल्या दिवशी तिचा फोन आला. "काकू, मध्यंतरात बुक्का तुम्हीच लावायचा हं. दुसऱ्या कुणाच्या हातचा मला नको."

मी माळ बाजूला ठेवली. सकाळी आठला तिच्या दारात हजर झाले. "पेटी आण आधी. हॉट प्रेस कुठाय?"

दहापर्यंत सगळ्या पट्ट्या सुटल्या, एक सोडून. हॉलमध्ये मी राजसच्या शेजारी बसले आणि ती पट्टी खाली बसली की बोटानं वर उचलत राहिले. अपूर्वा माझ्यापेक्षा चांगलं गायली. पुष्कळच चांगलं. दर तानेला वाटायचं, सोडावी ही पट्टी, आणि बोट आपलं काम करत होतं.

मध्यंतर झालं. बुक्का लावायला गेले तशी ती वाकली. हळूच म्हणाली, "हॉट प्रेसचं त्याच दिवशी का नाही हो सांगितलंत?"

विसरले, असं म्हणणार होते. बोट तिच्या कपाळावर होतं.

"तुझा गळा सहन झाला नाही गं."

तिनं बुक्का पुरता लावून घेतला. मग पदर खोचून झांज उचलली.

"पट्टी सांभाळा, काकू," ती म्हणाली. "पाळणा यायचाय."